लांजेवार साहेबांचे सात दिवस

ज्या माणसाचे पुढचे दोन दात मी ठोसा मारून पाडले होते, तो माणूस गेल्या महिन्यात वारला. त्यांचा जावई दुकानात निरोप घेऊन आला, तेव्हा काटोलकडच्या एका शेतकऱ्याची जळालेली मोटर माझ्यापुढे उघडी पडली होती. "लांजेवार साहेब गेले," एवढंच तो बोलला आणि मी हातातला पाना भिंतीवर फेकून मारला. प्लास्टरचा पोपडा खाली आला. जावई बिचारा दोन पावलं मागं सरकला. त्याला काय माहीत, माझं दुःख आधी हातात उतरतं म्हणून... जन्माची खोड आहे. ही खोड घालवायला त्याच्या सासऱ्यानं किती रविवार खर्ची घातले, हेही त्याला कुणी सांगितलं नसणार. म्हणून लिहायला बसलो. मी काही लेखक नाही, मोटरी वाइंड करणारा माणूस आहे. चुकलंमाकलं तर पेपरच्या पुरवणीवाले सांभाळून घेतील.

मनोहरराव लांजेवार सरकारच्या सर्वेक्षण खात्यात होते. देशात किती लोक कामावर आहेत, किती बेकार आहेत, हे घरोघरी जाऊन, मागच्या सात दिवसांची एकेक सकाळ-दुपार घेऊन, विचारायचं आणि लांबलचक फॉर्मात भरून पाठवायचं, हे त्यांचं काम. पेपरात छापून येतं ना, बेकारी अमुक टक्के झाली म्हणून? त्या टक्क्याच्या तळाशी असा एखादा माणूस असतो. सायकलवर, नागपूरच्या उन्हात, डोक्याला पंचा गुंडाळलेला, अंगावर येणाऱ्या कुत्र्यांना हाड्‌ हाड्‌ करत. खात्यानं चिठ्ठ्या काढल्यासारखी काही घरं निवडलेली असत. त्या एका घरानं आजूबाजूच्या हजारो घरांच्या वतीनं बोलायचं. बाहत्तरच्या दुष्काळानंतरच्या साली त्या घरांत आमचं घर निघालं. माझं नशीबच फुटकं, दुसरं काय.

तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो आणि हिंगण्याच्या रस्त्यावरच्या एका कारखान्यात लोखंडी कपाटं बनवायच्या कामावर होतो. होतो म्हणजे, घरच्यांच्या हिशेबी होतो. खरं तर चार महिन्यांपूर्वीच तिथल्या फोरमननं मला आईवरून शिवी दिली होती आणि मी त्याचा हात कपाटाच्या दारात धरून दार लाथेनं बंद केलं होतं. दोन बोटं गेली त्याची. त्याच दुपारी मला गेटबाहेर काढलं, वर चौकीदारानं पाठीत दंडे घातले ते वेगळेच. पण घरी सांगायची माझी छाती झाली नाही. बाबा आरामशीनवर लाकूड कापायचे. हात कसले, ओंडकेच. आणि माझं लग्न उमरेडच्या शांताशी ठरलं होतं, तेही "पोरगा कारखान्यात आहे" या एका वाक्यावर. ते वाक्य खोटं पडलं की बाबांची उमरेडात मान खाली, माझं लग्न मोडलं आणि माझी हाडंही मोडली. म्हणून मी रोज सकाळी सातला डबा घेऊन सायकलवर निघायचो, आणि कारखान्याच्या अलीकडेच अंबाझरी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जाऊन बसायचो.

तिथं मी एकटा नव्हतो हो! आम्ही आठ-नऊ जण होतो. कुणी मिलमधून निघालेला, कुणी छापखान्यातून, कुणाची गाठच अजून नोकरीशी पडलेली नव्हती, पण घरी सांगितलेलं की लागली. सगळ्यांजवळ डबे. आणि आमचे नियम होते. ज्यानं घरी पहिली पाळी सांगितली असेल त्यानं अकरालाच डबा उघडायचा, जनरल पाळीवाल्यानं एकला. तसं नाही केलं तर संध्याकाळी घरी भूक भलत्या वेळी लागते आणि आईला कळतं. निघायच्या आधी रामदास नावाचा आमच्यातला एक गडी गॅरेजमधून आणलेल्या जळक्या ऑइलची बाटली फिरवायचा. दोन थेंब तळहातावर, थोडं नखांत, एक डाग सदऱ्याला. मग घरी जाऊन सगळ्यांसमोर साबणानं घसघसून हात धुवायचे. आई म्हणायची, "किती राबते गा माहं पोरगं!" त्या वेळी मला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटायचं.

दुपारी एक बुटका, टक्कल पडलेला माणूस त्याच पाळीवर येऊन आपला डबा खायचा. फॉर्मांची पिशवी मांडीखाली दाबून ठेवायचा, उडू नये म्हणून. एकदोनदा त्यानं आम्हाला लिंबाचं लोणचं दिलं. कोण, कुठला, आम्ही कधी विचारलं नाही. पाळीवर कुणी कुणाला तसलं विचारत नसे.

तो मंगळवार होता. साडेपाचला मी काळे हात घेऊन घरात शिरलो, तर अंगणात खाटेवर तोच माणूस बसलेला, मांडीवर फॉर्म, समोर आमचे बाबा छाती काढून उत्तरं देत होते. शेजारचे चौघं भिंतीला टेकून ऐकत होते. मला बघून बाबा म्हणाले, "हा माहा मोठा. कारखान्यातूनच येऊन राहिला आता. लिवा, कायम नोकरी."

साहेबांनी मान वर केली. चेहरा खुलला त्यांचा. ओळखीचा माणूस भेटल्याचा आनंद, दुसरं काही नाही, हे मला आज कळतं. त्यांना वाटलं, घरच्यांना सगळं ठाऊकच असणार. शिवाय डोळ्यांनी पाहिलेलं आणि तोंडी सांगितलेलं जुळत नसलं की तिथल्या तिथं विचारायचं, ही त्या खात्याच्या माणसाची सवय. ते म्हणाले, "कारखाना कोणता म्हणता? हे तर मले रोज दुपारी अंबाझरीच्या पाळीवर भेटतात. मागच्या पूर्ण आठवड्यात होते. नाही काय गा भाऊ?"

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. बाबांनी दाराआडची लाकूड मोजायची पट्टी उचलली. ती पहिल्या दोन फटक्यांतच माझ्या पाठीवर मोडली. मग हातानं, मग लाथेनं. नाकातून रक्त ओठांवर आलं, खारट. आई मधे आली तर तिला ढकलून दिलं. साहेब "अहो, अहो, थांबा" करत मधे घुसले, तर त्यांच्या कानशिलात एक बसली आणि चष्मा तुळशीपाशी जाऊन पडला. शेजारचे चौघं हलले नाहीत. बाबा मारता मारता रडत होते आणि एकच बोलत होते, "चार महिने! चार महिने मले फसवून राहिला हा!" थकले तेव्हा थांबले. साहेबांनी चष्मा शोधला, फॉर्म गोळा केले आणि निघाले. जाताना बाबा त्यांच्यावर ओरडले, "लिवा, कामावर आहे म्हणून लिवा! सरकारच्या कागदावर माह्या पोराले रिकामा दाखवता काय?" साहेब फाटकाशी थांबून म्हणाले, "भाऊसाहेब, खोटं लिहिता येत नाही मले. तुमच्या घरासारखी हजारो घरं आहेत या एका ओळीमागं. तुम्ही लपवलं तर त्या सगळ्यांचे पोरं लपतात." बाबा म्हणाले, "त्या हजारांचे बाप मले पोसून राहिले काय?"

दुसऱ्या दिवशी मी पाळीवर गेलो नाही, पाळीच्या वाटेवर उभा राहिलो. डोळा सुजून बंद झालेला. साहेब सायकलवर आले आणि मी त्यांना सायकलसकट आडवं केलं. काय बोललो आठवत नाही, पण ठोसे आठवतात. तीन मारले. तिसरा तोंडावर लागला आणि माझ्याच बोटांत काहीतरी रुतलं. त्यांचा दात होता तो. ते डांबरावर पालथे पडले, तोंडातून रक्ताची लाळ लोंबत होती, आणि त्या माणसानं पहिलं काय केलं असेल? वाऱ्यानं उडालेले फॉर्म गोळा केले. गुडघ्यांवर रांगत, एकेक. शेवटचा कागद पिशवीत गेल्यावर तोंडाला पंचा लावला. मग रस्त्याच्या कडेला बसून पेन काढलं आणि म्हणाले, "तुमच्या घरचे तीन दिवस राहिले भरायचे. शनिवार, रविवार, सोमवार. आता तुम्हीच सांगा. शनिवारी सकाळी काम केलं काय?"

मी चाटच पडलो. मला वाटलं, मारानं याचं डोकं फिरलं. पण ते पेन धरून वाट बघत होते. मी म्हणालो, "नाही."

"दुपारी?"

"नाही."

"काम शोधलं?"

"नाही शोधलं. पाळीवर तं बसून होतो, पाहिलं ना तुम्ही!" मी पुन्हा भडकलो. त्यांनी तोंडातलं रक्त बाजूला थुंकलं आणि शांतपणे पुढचा प्रश्न विचारला, "मिळालं असतं तर केलं असतं काय?"

हा प्रश्न फॉर्मातलाच आहे, हे मला नंतर कळलं. बेकार कुणाला म्हणायचं आणि नुसताच रिकामा कुणाला म्हणायचं, ते ह्या प्रश्नावर ठरतं. पण त्या क्षणी मला वाटलं, जगात पहिल्यांदा कुणीतरी मला हे विचारतंय. बाबांनी विचारलं नव्हतं, फोरमननं नव्हतं, मी स्वतःलाही विचारलं नव्हतं. मी मटकन खाली बसलो आणि हमसून हमसून रडलो. "केलं असतं साहेब... काहीही केलं असतं." त्यांनी ते लिहून घेतलं. मग रविवार विचारला, मग सोमवार.

सरकारी माणसाला ड्यूटीवर मारलं म्हणजे सरळ तुरुंग. पण त्यांनी ऑफिसात सांगितलं की सायकल घसरली. मला मात्र सोडलं नाही. म्हणाले, "रिपोर्ट करणं न करणं माह्या हातात आहे. दर रविवारी माह्या घरी यायचं, सात दिवस सांगायचे. एक रकाना कामाचा. दुसरा हाताचा. कोणावर हात उचलला काय, सकाळ, दुपार, दोन्ही. खोटं बोलायचं नाही, बस."

त्यांच्या घरी पहिल्या रविवारी गेलो, तेव्हा काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, चहाचा कप माझ्यापुढे आदळला. "याच हातानं मारलं ना? घे, याच हातानं कप धर!" साहेब तोंडाला रुमाल लावून हसले. मग जुन्या फॉर्माच्या पाठीवर रेघा मारल्या आणि सुरू झाले. सोमवार सकाळ? कुठं शोधलं? दुपार? कोणाले भेटलास? एखाद्या दिवशी "कुठंच नाही" म्हणताना इतकी लाज वाटायची की पुढच्या आठवड्यात मी चार दारं जास्त ठोठावायचो. आज पोरांना पटत नाही, पण मला नोकरीनं नाही, त्या रकान्यानं उठवलं.

एका सरकारी वर्कशॉपमध्ये थोड्याशा हेल्परच्या जागा निघाल्या, तेव्हाची गोष्ट सांगतो. सकाळी आठला गेटपुढे इतकी माणसं, की रस्ता दिसेना. बीए झालेली पोरं, चाळिशीचे बाप्ये, सगळे घामानं निथळत एकमेकांना रेटत होते. गेट अर्धं उघडलं आणि लोंढा आत घुसला. एकजण खाली पडला, त्याच्या पाठीवरून माणसं गेली. पोलिसांच्या लाठ्या सुरू झाल्या. माझ्यापुढे एक जण होता, त्यानं गेटचा गज धरून मला अडवलेलं. मी त्याच्या बरगडीत कोपर घातलं, तो वाकला तेव्हा मानेवर बुक्की मारली. तो वळला. रामदास होता, आमच्या पाळीवरचा. "पभ्या, तू?" म्हणाला आणि तिथंच बसला. मला जागा मिळाली नाही. त्यालाही नाही. रविवारी मी सांगितलं, "बुधवार सकाळ, हो." साहेबांनी विचारलं, "कोणाले मारलं?" सांगितल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. डोळे पुसले त्यांनी. "तुमी दोघंही माह्या एकाच रकान्यातले गा," म्हणाले, "एकमेकाचं रक्त काढून तिथून कोणी बाहेर निघत नाही."

त्यानंतर मला कॉटन मार्केटजवळच्या एका मोटर वाइंडिंगच्या दुकानात काम लागलं. नरखेड-काटोलच्या संत्र्यांच्या बागांतले पंप उन्हाळ्यात धडाधड जळायचे, त्यांची तार बदलायची. बाबांनी स्वतः उमरेडला जाऊन खरं काय ते सांगितलं, त्या लोकांनी एक वर्ष थांबायचं कबूल केलं आणि शांता माझ्या घरी आली. साहेब लग्नाला आले, नवीन दात लावून. बाबांनी त्यांना मिठी मारली. बाबा दुसऱ्या कुणाला मिठी मारताना मी कधी पाहिलं नाही.

रविवार मात्र सुटले नाहीत. धाक कधीच संपला होता, पण मलाच गेल्याशिवाय राहवेना. हाताचा रकाना महिनोन्‌महिने कोरा राहू लागला. साहेब कुणी पाहुणा आला की मला दाखवून म्हणायचे, "पहा, हा माहा सगळ्यात खरा माणूस. हा माह्याशी खोटं बोलत नाही." मी मान खाली घालायचो. पहिली काही वर्षं विनयानं घालायचो. त्यानंतर...

त्यानंतरचं लिहायचं नव्हतं. लेख इथवर लिहून मी साहेबांशी दवाखान्यात झालेल्या शेवटच्या भेटीवर आलो होतो. आवाज खोल गेला होता त्यांचा. माझा हात हातात घेऊन म्हणाले, "एखादा दिवस सांगायचा राहिला असंल तं सांगून टाक गा, प्रभाकर." मी म्हणालो, "नाही साहेब, सगळे भरले." ते हसले. त्यांनी मुद्दाम विचारलं की सहज, कुणास ठाऊक. चार दिवसांनी गेले. ही भेट लिहून सही करायची, असं ठरवलं होतं मी.

शांता माझ्या शेजारी बसून गहू निवडत होती. म्हणाली, "काय काय लिवलं, वाचा जरा." मी वाचून दाखवलं, मोठ्यानं. तिला डाव्या कानानं ऐकू येत नाही, म्हणून मी नेहमी तिच्या उजव्या बाजूला बसतो. तिनं शेवटपर्यंत ऐकलं, सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "अजी, पेपरात लिवून राहिले तं सगळं लिवा. नाही तं फाडून टाका."

म्हणून लिहितो. लग्नानंतर काही वर्षांनी, आमची पोरगी लहान असताना, वाइंडिंगचं दुकान मालकाच्या मरणानंतर बंद पडलं होतं आणि मी आठ महिने पुन्हा घरी बसलो होतो. शांता मला न सांगता संत्रा मंडईत संत्री निवडून पेट्या भरायला जाऊ लागली. मला म्हणायची, बहिणीकडे जाते. एका गुरुवारी दुपारी ती घरात शिरली आणि तिच्या हातांना, लुगड्याला संत्र्याच्या सालीचा वास आला. मी विचारलं. तिनं खरं सांगितलं. "तुमी घरी, पोरगी उपाशी, काय करू मी?" एवढंच म्हणाली. ज्या बापानं मला खोट्यासाठी मारलं, त्याचा मी पोरगा. मी तिला खऱ्यासाठी मारलं. उघड्या पंजानं, कानाखाली, सगळा जोर लावून. ती दाराच्या चौकटीवर आदळली. कानातून रक्त आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कानाला पट्टी बांधून ती पुन्हा मंडईत गेली, कारण चूल पेटायची होती. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो.

त्या रविवारी साहेबांनी नेहमीसारखं विचारलं. सोमवार, मंगळवार, बुधवार. मग गुरुवार. सकाळी? नाही. दुपारी? मी म्हणालो, नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि रकाना भरला. मग विचारलं, "शांताबाई काय करतात?" मी म्हणालो, "घरीच असते." त्यांनी तेही लिहून घेतलं. मला तुरुंगाची भीती नव्हती. त्यांनी मला खरा माणूस म्हटलं होतं, ते जाईल याची होती. पोलिसात न जाता, दातांची भरपाई न मागता त्यांनी माझ्याकडं एकच गोष्ट मागितली होती, आणि तीच मी दिली नाही. ते जिवंत असताना नाही, दवाखान्यात विचारलं तेव्हाही नाही.

शांता अजून इथंच बसली आहे, माझ्या डाव्या हाताला, आणि मी काय लिहितो ते बघते आहे.

गुरुवार. सकाळी नाही. दुपारी हो, साहेब.